नोकरीच्या अर्जासोबतचे पत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत नोकरी शोधणाऱ्या उमेदवारांची पत्रे वाचून दुरुस्त करून देण्याचे काम मी गेली काही वर्षे करते आहे. त्याआधी बराच काळ मी अर्जांची छाननी करणाऱ्यांच्या बाजूला होते. या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले ते येथे उत्तरांसह एकत्र दिले आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गेला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कव्हर लेटर म्हणजे नेमके काय? बायोडेटा असताना ते वेगळे कशाला लिहायचे?

आपण आजवर काय केले ते बायोडेटा सांगतो. त्यातले काय या जागेच्या उपयोगाचे आहे ते पत्र सांगते. बायोडेटात 'लेखा सहायक, २०२२ पासून' एवढीच ओळ असते. त्या जागेवर तुम्ही नेमके कोणते काम सांभाळले आणि ते नव्या ठिकाणी कसे कामी येईल, हे जोडून दाखवण्याची जागा पत्रातच मिळते. एकच बायोडेटा दहा ठिकाणी पाठवता येतो, परंतु पत्र एकाच ठिकाणासाठी असते. फक्त कंपनीचे नाव बदलून जे पत्र दुसरीकडे तसेच्या तसे पाठवता येते, ते मी अपुरे समजते.

२. जाहिरातीत पत्र मागितलेले नसेल तरी पाठवावे का? सरकारी भरतीचे काय?

खासगी नोकरीत ईमेलने अर्ज पाठवत असाल तर होय, कारण रिकाम्या ईमेलला नुसता बायोडेटा जोडून पाठवणे हे दारातून कागद सरकवून निघून जाण्यासारखे आहे. नोकरीच्या संकेतस्थळावर पत्रासाठी स्वतंत्र रकाना दिलेला असेल तर तोही भरावा. एमपीएससी, मुंबई महानगरपालिका किंवा राष्ट्रीयीकृत बँका यांची नियमित भरती मात्र विहित नमुन्यातील अर्ज आणि परीक्षा यांवर चालते. तेथे पत्राला स्थान नाही आणि न मागितलेला कागद जोडू नये. कंत्राटी पदांसाठी कधी कधी थेट मुलाखतीची जाहिरात निघते. अशा वेळी जाहिरातीत सांगितलेली कागदपत्रे, सांगितलेल्या क्रमाने, एवढेच न्यावे.

३. पत्र मराठीत लिहावे की इंग्रजीत?

जाहिरात ज्या भाषेत असेल त्या भाषेत लिहावे. वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळ किंवा अंधेरीच्या सीप्झमधील बहुतेक कार्यालयांचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, तेव्हा तेथे इंग्रजी ओघानेच येते. मराठी वृत्तपत्रे, प्रकाशनसंस्था, मराठी माध्यमाच्या खासगी शाळा, विश्वस्त संस्था, सहकारी पतसंस्था यांच्याकडे मराठी पत्र अधिक शोभते, आणि नीट लिहिलेले मराठी पत्र ही तेथे स्वतंत्र पात्रता ठरते, कारण त्या कामात पुढे तुम्हाला मराठीतच लिहायचे असते.

इंग्रजी कच्चे असल्याची भीती अनेकांना वाटते. त्यांना मी असे सांगते की आधी आपले म्हणणे मराठीत कागदावर उतरवा, ते तुम्हाला स्वतःला पटले की मगच लहान लहान इंग्रजी वाक्यांत मांडा. साधे आणि बिनचूक इंग्रजी वाचणाऱ्याला चालते. पाठ केलेले जड इंग्रजी मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडते.

४. पत्र किती मोठे असावे?

अडीचशे ते तीनशे शब्द, म्हणजे एका पानात सहज मावेल इतके. ईमेलच्या मजकुरातच पत्र लिहिणार असाल तर दीडशे-दोनशे शब्दही पुरतात.

५. सुरुवात कशी करावी? 'आपल्या जाहिरातीच्या अनुषंगाने मी अर्ज करू इच्छितो' हे वाक्य चुकीचे आहे का?

चुकीचे नाही, पण त्या वाक्याने वाचणाऱ्याला विषयाच्या ओळीत दिसले नाही असे काहीच सांगितलेले नसते. पदाचे नाव आणि जाहिरात कोठे पाहिली हे विषयाच्या ओळीत लिहावे. पहिले वाक्य तुमच्याकडचे सर्वांत उपयोगाचे काम सांगण्यासाठी राखून ठेवावे. उदाहरणार्थ, नर्सिंग होममधील स्वागतकक्षाच्या जागेसाठी असे लिहिता येईल: 'घाटकोपर येथील एका डायग्नोस्टिक सेंटरच्या स्वागतकक्षात मी तीन वर्षे काम करत असून, सकाळी ७ च्या पाळीत उपाशीपोटी आलेल्या रुग्णांची नोंदणी, बिल आणि नमुना घेण्याचा क्रम सांभाळणे ही माझी जबाबदारी आहे.' गर्दीच्या वेळेचे काम या व्यक्तीला नवीन नाही, हे वाचणाऱ्याला पहिल्याच वाक्यात समजते.

कंपनीची स्तुती करून सुरुवात करू नये. 'आपल्या नामांकित संस्थेत' हे शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रात असतात आणि ते कोणत्याही संस्थेला लागू पडतात, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

६. मधल्या परिच्छेदात नक्की काय लिहायचे?

पत्राचा सारा भार या परिच्छेदावर असतो, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देते.

आधी जाहिरात दोनदा वाचा आणि ज्या दोन-तीन गोष्टींशिवाय ते काम होणारच नाही त्यांच्याखाली रेघ ओढा. जाहिरातीत दहा अपेक्षा असल्या तरी खरी निकड दोन-तीनच गोष्टींची असते. बहुधा त्या सर्वांत वर असतात किंवा दोनदा आलेल्या असतात. मग त्या प्रत्येक गोष्टीसमोर आपण प्रत्यक्ष केलेले एक काम लिहा. या दोन स्तंभांतूनच परिच्छेद तयार होतो.

लेखा सहायकाच्या जागेसाठी माझ्याकडे आलेल्या एका मसुद्याचा धाटणीपुरता नमुना देते. पहिल्या मसुद्यात असे होते: 'मी मेहनती, प्रामाणिक आणि झोकून देऊन काम करणारी उमेदवार असून आपल्या संस्थेत माझ्या कौशल्यांना वाव मिळेल अशी मला खात्री आहे.' तिच्याशी अर्धा तास बोलल्यावर त्याच परिच्छेदाचे रूप असे झाले (त्यातील जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचे जीएसटी विवरणपत्र, जीएसटीआर-२बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा गोषवारा आणि इनपुट क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट):

'मस्जिद बंदर येथील मसाल्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे मी सव्वादोन वर्षे हिशेब पाहत आहे. दरमहा सुमारे ४०० विक्री बिलांची टॅलीमध्ये नोंद करणे आणि जीएसटीआर-१ साठीची माहिती ११ तारखेच्या आत तयार ठेवणे ही माझी कामे आहेत. मी रुजू झाले तेव्हा पुरवठादारांनी न दाखवलेल्या बिलांमुळे इनपुट क्रेडिट अडकून पडत असे. १४ तारखेला जीएसटीआर-२बी उपलब्ध झाला की खरेदीची बिले त्याच्याशी ताडून, न जुळणाऱ्या बिलांची यादी करून त्याच दिवशी पुरवठादारांना फोन करण्याची पद्धत मी सुरू केली. त्यामुळे बहुतेक चुका पुढच्याच महिन्यात दुरुस्त होऊ लागल्या.'

या परिच्छेदात 'मेहनती' हा शब्द नाही आणि 'प्रामाणिक' हाही नाही. तरीही वाचणाऱ्याला कामाचा आकार, मुदतींची जाण, अडचण ओळखण्याची नजर आणि ती सोडवण्याचा पुढाकार या चार गोष्टी मिळतात. त्यांतली प्रत्येक गोष्ट मुलाखतीत विचारून पडताळता येते, म्हणूनच ती विश्वास ठेवण्याजोगी वाटते. त्या मुलीला हे सांगण्यासारखे आहे असे वाटलेच नव्हते. 'ते तर रोजचेच काम आहे,' असे ती म्हणाली. आपल्या रोजच्या कामाकडे असे पाहणाऱ्या सर्वांना मी कळकळीने सांगेन की दुसऱ्याला नेमके त्याच रोजच्या कामासाठी माणूस हवे असते.

आकडा ठाऊक नसेल तर तो रचू नका. 'विक्री ३० टक्क्यांनी वाढवली' असे लिहिल्यावर 'कशाच्या तुलनेत?' हा प्रश्न येणारच.

७. मी नुकतीच पदवी घेतली आहे, अनुभव काहीच नाही. मग लिहू काय?

पगार मिळाला तरच अनुभव, ही समजूत आधी बाजूला ठेवावी. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम करावे लागते; त्या तासांत तुम्ही शिबिराचे जेवणखाण सांभाळले असेल, हजेरीपट ठेवला असेल किंवा वस्तीत सर्वेक्षण केले असेल. गणेशोत्सव मंडळात वर्गणीची पावतीपुस्तके आणि जमाखर्च सांभाळला असेल तर तो रोख रकमेचा हिशेब ठेवल्याचा अनुभव आहे. वडिलांच्या दुकानात बसणे, लहान मुलांच्या शिकवण्या घेणे, महाविद्यालयीन महोत्सवासाठी प्रायोजक शोधत फिरणे, यांतले जे त्या जागेला लागू पडेल ते एकच निवडावे आणि प्रश्न ६ मधील पद्धतीने लिहावे. नुसती यादी दिली की तिचा परिणाम उरत नाही.

'मला शिकण्याची संधी द्यावी' हे वाक्य शक्यतो टाळावे. शिकण्याची तयारी असणे चांगलेच आहे, परंतु समोरच्याला आधी त्याचे काम व्हायला हवे असते.

८. पत्र कोणाला उद्देशून लिहावे? नाव माहीत नसेल तर?

जाहिरातीत किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर संबंधित व्यक्तीचे नाव असेल तर ते बिनचूक लिहून वापरावे. आडनावातली एक चूकही डोळ्यांत खुपते. नाव न मिळाल्यास पदनाम पुरेसे आहे: मराठी पत्रात 'मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग यांस, स.न.वि.वि.' आणि शेवटी 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू'. इंग्रजीत 'डिअर हायरिंग मॅनेजर' योग्य. 'रिस्पेक्टेड सर' ही शाळेतील रजेच्या अर्जाची सवय आहे आणि पत्र बाई वाचत असतील तर ते संबोधन चुकीचेही ठरते.

९. पत्र ईमेलच्या मजकुरात लिहावे की वेगळी फाइल जोडावी?

जाहिरातीत स्वतंत्र पत्र मागितले असेल तर पीडीएफ जोडावी आणि ईमेलमध्ये तीन-चार ओळींचा मजकूर लिहावा. मागितले नसेल तर मजकुरातच पत्र लिहावे, कारण वेगळी फाइल उघडण्याचा त्रास प्रत्येक जण घेतो असे नाही. विषयाच्या ओळीत पदाचे नाव, तुमचे नाव आणि जाहिरातीत क्रमांक दिला असल्यास तो क्रमांक असावा. फाइलला 'फायनल २' असे नाव न देता स्वतःचे पूर्ण नाव द्यावे; पाठवण्यापूर्वी ती फोनवर उघडून पाहावी.

१०. व्हॉट्सॲपवर अर्ज मागवला आहे. तेथे कसे लिहायचे?

लहान दुकाने, क्लासेस, दवाखाने आणि कारखाने आता सर्रास असे करतात. येथे पाच-सहा ओळी पुरेत: नाव, कोणत्या जागेसाठी, लागू पडणारे एक काम, राहण्याचे ठिकाण आणि कधी रुजू होऊ शकता. सगळे एकाच संदेशात लिहावे. 'हाय' असे पाठवून उत्तराची वाट पाहू नये आणि आवाजी संदेश तर मुळीच पाठवू नये.

११. पगाराची अपेक्षा पत्रात लिहावी का?

विचारली असेल तरच, आणि विचारली असेल तर टाळू नये. वार्षिक सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षभरात करणार असलेला एकूण खर्च) आणि दरमहा हातात येणारी रक्कम यांत भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर आणि इतर वजावटींमुळे बराच फरक पडतो, म्हणून आपण कोणता आकडा देत आहोत ते स्पष्ट लिहावे. नोटिस पीरियडचेही तसेच आहे. तो ६० किंवा ९० दिवसांचा असेल आणि जाहिरातीत 'तातडीने हवे' असे म्हटले असेल, तर खरी मुदत लिहावी. ती कमी होण्याची शक्यता सध्याच्या कार्यालयाशी बोलून पक्की झाली असेल, तरच तसे नमूद करावे.

१२. मी बदलापूरला राहते आणि कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. लांबच्या पत्त्यामुळे अर्ज बाजूला पडेल का?

पडू शकतो, हे मी छाननीच्या टेबलावर पाहिले आहे. 'पश्चिम रेल्वेवरील उमेदवारांस प्राधान्य' असे मुंबईतल्या जाहिरातींत उघडपणे छापलेले असते. मालकाला अंतरापेक्षा दोन शंका अधिक सतावतात: रोज वेळेवर याल का, आणि चार महिन्यांत प्रवासाला कंटाळून सोडून जाल का. पत्ता लपवून या शंका मिटत नाहीत. त्याऐवजी अनुभवाचे एक वाक्य लिहावे, जसे 'गेली दोन वर्षे मी बदलापूरहून दादर येथे सकाळी ९ च्या कामावर जात आहे.' चर्चगेटपासून सुमारे ६० किलोमीटरवरच्या विरारहून रोज दक्षिण मुंबईत येणारी असंख्य माणसे या शहराची कार्यालये चालवतात; वाचणाऱ्यालाही हे ठाऊक असते. त्याला फक्त तुमच्याबाबत खात्री हवी असते. घर बदलण्याचे खरोखर ठरले असेल तरच त्याचा उल्लेख करावा.

१३. तीन वर्षे एमपीएससीची तयारी केली, निवड झाली नाही. हा खंड पत्रात कसा मांडू?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांचा आवाज खाली जातो, आणि तसे होण्याचे काहीच कारण नाही. दोन वाक्यांत सरळ सांगावे: '२०२१ ते २०२४ या काळात मी राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी केली आणि एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो. आता खासगी क्षेत्रात स्थिरपणे काम करण्याचा निर्णय मी घेतला आहे.' पहिल्या वाक्याने काळाचा हिशेब लागतो. दुसरे अधिक महत्त्वाचे, कारण पुढची जाहिरात निघाली की हा उमेदवार राजीनामा देईल ही भीती वाचणाऱ्याच्या मनात असते. परीक्षा अजूनही देणार असाल तर मात्र दुसरे वाक्य लिहू नका. खोटे आश्वासन देण्यापेक्षा तेवढ्यापुरते न लिहिणे बरे, आणि मुलाखतीत विचारले तर खरे उत्तर द्यावे.

तयारीतून मिळालेले कौशल्य कामाशी जुळत असेल तरच सांगावे. अहवाललेखन, कायद्यांचे वाचन, चालू घडामोडींचे टिपण हे विधी सहायक, संशोधन किंवा संपादन अशा जागांना लागू पडते.

१४. मुलांसाठी किंवा आजारपणामुळे नोकरी सोडली होती. कारण सांगावे लागेल का?

एका ओळीत सांगितले की पुरते; तपशील देण्याचे बंधन नाही. 'कौटुंबिक जबाबदारीमुळे २०२० ते २०२४ या काळात नोकरी केली नाही. आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध आहे,' असे लिहून त्यापुढे कौशल्य ताजे ठेवण्यासाठी काय केले ते लिहावे. आजाराचे नाव लिहू नये. प्रसूती रजेबाबत अनेकींचा गोंधळ होतो. २०१७ च्या कायदादुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांपर्यंत भरपगारी रजा मिळते. ती रजा हा नोकरीचाच काळ आहे, खंड नव्हे, त्यामुळे पत्रात तिचा खुलासा करण्याची गरज नाही.

१५. तीन महिन्यांत सोडलेली नोकरी लपवली तर चालेल का? आणि कामावरून कमी केले असेल तर?

पत्रात प्रत्येक नोकरीचा उल्लेख करावा लागत नाही, तेव्हा छोटी नोकरी पत्रातून वगळणे गैर नाही. पण त्या काळात दुसरीकडे होतो असे लिहिणे किंवा तारखा ताणणे हे खोटे आहे, आणि ते सापडते. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो आणि त्यावर आधीच्या आस्थापनांच्या नोंदी दिसतात. पार्श्वभूमी पडताळणीत अनेक कंपन्या त्या पाहतात. कामावरून कमी केले असल्यास पत्रात त्याची कैफियत मांडू नये आणि आधीच्या मालकाविषयी कडवटपणे तर कधीही लिहू नये. विचारले तर 'विभाग बंद झाल्याने पद रद्द झाले' असे खरे कारण थोडक्यात सांगावे.

१६. ओळखीच्या माणसाचे नाव लिहावे का?

त्या व्यक्तीने स्पष्ट परवानगी दिली असेल आणि तिने तुमचे काम पाहिलेले असेल तर पहिल्या परिच्छेदात लिहावे. नुसती नात्याची किंवा गावाची ओळख लिहिण्याने फायद्यापेक्षा तोटाच अधिक होतो.

१७. चॅटजीपीटीकडून पत्र लिहून घेतले तर समजते का?

पुष्कळदा समजते, कारण त्यात तुमच्याविषयी काहीच नसते. व्याकरण तपासून घेणे, लांबलेले वाक्य आटोपशीर करणे किंवा मराठी मसुद्याचे इंग्रजी करणे यासाठी त्याची मदत जरूर घ्यावी. इंग्रजी माध्यमातून न शिकलेल्या उमेदवारांना ही मोठी सोय झाली आहे आणि तिचा वापर करण्यात कमीपणा नाही. मात्र कच्चा माल, म्हणजे प्रश्न ६ मधील दोन स्तंभ, तुमचाच हवा. तयार झालेले पत्र मोठ्याने वाचावे, आणि जो शब्द तुम्ही मुलाखतीत उच्चारणार नाही तो काढून टाकावा. न केलेले काम त्यात शिरले नाही ना, हेही ओळ न् ओळ तपासावे.

१८. जात, धर्म, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक यांतले काय लिहावे?

खासगी नोकरीच्या पत्रात यांतले काहीही लिहू नये. आरक्षणाचा प्रश्न शासकीय भरतीत असतो आणि त्यासाठी अर्जात वेगळे रकाने असतात. आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील निवड झाल्यावर, कंपनीची खातरजमा करूनच द्यावा. पत्राच्या उत्तरादाखल कोणी 'नोंदणी' किंवा 'प्रशिक्षण' म्हणून पैसे मागितले तर व्यवहार तेथेच थांबवावा. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

दिव्यांगत्वाचा उल्लेख ही पूर्णपणे तुमची निवड आहे. मुलाखतीच्या ठिकाणी रॅम्प, सांकेतिक भाषेचा दुभाषी अशी सोय लागणार असेल, तर मुलाखतीचे बोलावणे आल्यावर कळवले तरी चालते.

१९. एकाच कंपनीत दोन जागांसाठी अर्ज करता येतो का?

दोन्ही जागा जवळच्या असतील तर येतो, पण पत्रे दोन लिहावीत आणि दुसऱ्या पत्रात पहिल्या अर्जाचा उल्लेख करावा. लेखा विभाग आणि विपणन अशा परस्परांशी संबंध नसलेल्या जागांसाठी एकदम अर्ज केल्यास उमेदवाराला नक्की काय हवे आहे, अशी शंका येते. पूर्वी नकार आला असेल तर काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करण्यास हरकत नाही. मधल्या काळात काय नवे केले, तेथून पत्र सुरू करावे.

२०. उत्तर आले नाही तर किती दिवसांनी विचारावे?

जाहिरातीची शेवटची तारीख उलटून आठवडाभराने, त्याच ईमेलच्या साखळीत, तीन ओळींत. त्यानंतर फार तर आणखी एकदा. 'फोन करू नये' असे जाहिरातीत लिहिले असेल तर फोन करू नये.

२१. पत्र पाठवल्यावर दिसले की त्यात दुसऱ्याच कंपनीचे नाव राहिले आहे. आता काय?

त्याच दिवशी दुरुस्त पत्र पुन्हा पाठवावे. विषयाच्या ओळीत 'सुधारित अर्ज' असे लिहावे आणि सुरुवातीला एकच वाक्य असावे: 'आधीच्या ईमेलमध्ये माझ्या नजरचुकीने चुकीचे नाव गेले, त्याबद्दल दिलगीर आहे, कृपया हा अर्ज ग्राह्य धरावा.' जास्त खुलासा करू नये. किरकोळ चूक, म्हणजे एखादी वेलांटी किंवा स्वल्पविराम, असेल तर पुन्हा पाठवण्याची गरज नाही. पण पदाचे नाव, फोन क्रमांक किंवा तारीख चुकली असेल तर ती दुरुस्त करून पाठवावीच.